व्हायरसचा स्वतःचाच ब्रेक तुटतो तेव्हा

गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही व्हायरसमुळे होतो हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं, पण गंमत अशी की कॅन्सर होण्यात त्या व्हायरसचा काडीचा फायदा नाही, कारण कॅन्सरच्या पेशीतून सहसा नवे व्हायरस बाहेर पडतच नाहीत, म्हणजे त्याचा वंश तिथेच खुंटला.

मग तो हे करतो कशाला? त्याचा अख्खा डीएनए जेमतेम ८००० अक्षरांचा, आपला ३०० कोटींचा. कॉपी काढायला तो आपल्याच पेशीची यंत्रणा वापरतो, आणि ती तर विभाजन थांबवून बसलेली असते. म्हणून तो ई७ प्रोटीन बनवतो. आपल्याकडे आरबी नावाचं प्रोटीन विभाजनाचे जीन चालू करणाऱ्या ई२एफ प्रोटीनला धरून ठेवतं, ई७ त्या आरबीलाच जाऊन चिकटतं, ई२एफ मोकळं सुटतं आणि विभाजनाचे जीन धडाधड चालू होतात. पेशीही काही झोपलेली नसते, अशी गडबड दिसली की पी५३ प्रोटीन पेशीला थांबवतं नाहीतर सरळ मारून टाकतं. तिथे व्हायरसचं दुसरं प्रोटीन, ई६ येतं. हे मात्र दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारं, पेशीतल्याच एका एन्झाइमला हाताशी धरून पी५३ वर 'कचरा' असा शिक्का मारून घेतं, आणि पेशी स्वतःच आपलं पी५३ तोडून टाकते! इतर बऱ्याच कॅन्सरमध्ये पी५३ चा जीनच बिघडलेला असतो, इथे बहुतेकदा जीन ठणठणीत, फक्त प्रोटीन टिकत नाही.

आता मला सगळ्यात भारी वाटणारा भाग. ई६-ई७ जास्त होऊ नयेत म्हणून व्हायरसकडे ई२ नावाचं प्रोटीन असतं, ते या दोन जीनच्या अलीकडे डीएनएवर बसून त्यांना दाबून ठेवतं. पण कधीतरी व्हायरसचा डीएनए तुटून आपल्या गुणसूत्रात घुसतो, आणि तुटताना बऱ्याचदा नेमका ई२ चाच जीन मोडतो. ब्रेक गेला, ई६-ई७ मोकाट.

याचा पुरावा हीला पेशींमध्ये मिळाला. १९५१ मध्ये बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या गाठीतून, त्यांना न विचारताच, घेतलेल्या या पेशी आजही जगभरच्या लॅबमध्ये वाढतायत. त्यांच्यात एचपीव्ही १८ या प्रकाराच्या डीएनएचा तुकडा आहे, हे हाराल्ड त्सुर हाउजेन यांच्या टीमने १९८० च्या दशकात दाखवलं (२००८ चं नोबेल त्यांना एचपीव्हीच्याच कामासाठी). पुढे शास्त्रज्ञांनी हीला पेशींत ई२ परत घातलं, तर ई६-ई७ गप्प, पी५३ आणि आरबी परत कामाला, आणि कित्येक दशकं न थांबलेल्या पेशी विभाजन सोडून म्हाताऱ्या झाल्या. म्हणजे एवढ्या वर्षांनंतरही सगळा डोलारा त्या दोन प्रोटीनवरच उभा होता.

लस मात्र ई६-ई७ विरुद्ध नाही, ती व्हायरसच्या बाहेरच्या कवचातल्या एल१ प्रोटीनची, पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅकसुद्धा तीच. गुणसूत्रात घुसलेला तुकडा कवच बनवत नाही, त्यामुळे तिथे लसीचा उपयोग नाही, म्हणून ती व्हायरसची लागण होण्याआधी, शक्यतो ९ ते १४ वयातच द्यायला सांगतात. मोठ्या बायकांसाठी एचपीव्हीची टेस्ट. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १ लाख ३० हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या अभ्यासात, ज्याचे निकाल २००९ मध्ये आले, एकदाच ही टेस्ट करून पुढचे उपचार दिलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू टेस्ट न केलेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले होते.