प्रगतीतला वाटा कुणाला मिळाला? थोडी जुनी पार्श्वभूमी

विषमतेवर बोलणं निघालं की गाडी बहुतेक वेळा गेल्या तीस-चाळीस वर्षांवरच अडकते, पण हे प्रकरण फार जुनं आहे आणि मला त्यातला सगळ्यात बोलका भाग 14व्या शतकातला वाटतो.

1347 ते 1351 मध्ये युरोपात प्लेगने निदान एक तृतीयांश माणसं नेली. शेतं तेवढीच, राबणारे हात कमी, मग इंग्लंडमधले मजूर जास्त मजुरी मागायला लागले आणि नाही मिळाली तर दुसऱ्या मालकाकडे जायला लागले. 1351 मध्ये कायदाच आला की प्लेगच्या आधीच्या दरानेच काम करायचं, जास्त घेतलं तर शिक्षा. खटले झाले, दंड झाले, तरी मजुरी वाढायची ती वाढलीच आणि वेठबिगारी हळूहळू मोडली. आता पूर्व युरोप बघा, तिकडेही जमीन भरपूर आणि माणसं कमीच, पण पोलंड, प्रशियात (आजच्या जर्मनी-पोलंडमधलं जुनं राज्य) पुढच्या काही पिढ्यांत जमीनदारांनी कुळांना उलट जमिनीलाच बांधून टाकलं, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, आठवड्यातले ठरलेले दिवस मालकाच्या शेतात फुकट राबायचं, आणि पिकलेलं धान्य पश्चिमेला विकून पैसा मालकाच्या खिशात. म्हणजे माणसांची टंचाई दोन्हीकडे होती, फरक पडला तो मालकाला अडवणारं कुणी होतं का यामुळे.

औद्योगिक क्रांतीतही तेच दिसतं. रॉबर्ट अ‍ॅलन या इतिहासकाराच्या अंदाजाने 1780 ते 1840 मध्ये ब्रिटनमध्ये दर कामगारामागे उत्पादन 46 टक्के वाढलं आणि खरी मजुरी, म्हणजे महागाई वजा करून, फक्त 12 टक्के. दोन-तीन पिढ्या अशाच गेल्या!

आणि गुलामगिरीचा हिशोब वाचून तर संतापच येतो. ब्रिटनने 1833 मध्ये ती बंद करायचा कायदा केला तेव्हा 2 कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना, गुलामांना एक पैसा नाही. कॅरिबियनमधल्या हैतीचं त्याहून वाईट, गुलामांनी बंड करून 1804 मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र केलेल्या या देशाकडून फ्रान्सने 1825 मध्ये युद्धनौका उभ्या करून जुन्या मालकांच्या भरपाईचे 15 कोटी फ्रँक कबूल करून घेतले, नंतर रक्कम कमी केली पण त्यासाठी काढलेल्या कर्जांचे हप्ते 20व्या शतकापर्यंत चालले. हैती गरीब का असं विचारणाऱ्याने आधी हे वाचावं.

1955 मध्ये अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स म्हणाले की विकासात विषमता आधी वाढते मग कमी होते. स्वतःच लिहिलं होतं त्यांनी की यात 5 टक्के माहिती आणि 95 टक्के अंदाज, पण लोकांनी नियमच करून टाकला. त्यांच्या काळात अमेरिकेत विषमता घटली त्यामागे महामंदी, युद्धं, युनियन आणि जबर कर होते, 1944 मध्ये आयकराचा सगळ्यात वरचा दर 94 टक्के होता. 1988 पर्यंत तो 28 वर आला, युनियनही कमजोर झाल्या, आणि विषमता परत चढली.

जपान, दक्षिण कोरिया, तैवानने तर क्रमच बदलला, दुसऱ्या महायुद्धानंतर आधी जमीनदारांच्या जमिनी कसणाऱ्यांना वाटल्या आणि कारखानदारीची मोठी झेप त्यानंतर घेतली (जपानमध्ये मोठे कारखाने युद्धाआधीही होते), म्हणून तिथे पुढची काही दशकं वाढही जोरात झाली आणि दरीही फारशी रुंदावली नाही.