मुरूम की बुरशीच्या पुळ्या? दिसायला सारखे, आतलं भांडण वेगळं

भुसावळ-जळगावचा पारा 44 अंशांच्या पुढे गेला, की कपाळभर नाहीतर पाठभर पुळ्या घेऊन येणारी पोरं वाढतात. त्यातल्या काहींची तक्रार ठरलेली: पिंपलच्या गोळ्या महिनाभर खाल्ल्या, कमी व्हायचं सोडून वाढले. असं कुणी म्हटलं की आधी शंका घ्यावी, हे मुरूम आहेत तरी का? मॅलॅसेझिया नावाची बुरशी केसाच्या मुळाशी माजली तरी अशाच पुळ्या येतात. समाजमाध्यमांवर त्यांना 'फंगल ॲक्ने' म्हणतात. नाव फसवं आहे, हा ॲक्नेचा प्रकार नाही.

बुरशी असो की मुरमातला क्युटिबॅक्टेरियम हा जिवाणू, दोघंही निरोगी त्वचेवर कायम मुक्कामाला असतात. त्यामुळे ते अंगावर आहेत का, यापेक्षा शरीराची राखण, म्हणजे प्रतिकारशक्ती, त्यांच्याशी कशी वागते, हे जास्त महत्त्वाचं.

मुरमात ही राखण जास्तच तापते. वयात येताना अँड्रोजन संप्रेरकांमुळे तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, मृत पेशी चिकटून केसाच्या छिद्राला बूच बसतं आणि आत जिवाणूंची चंगळ होते. पेशींवरचा टोल-लाइक रिसेप्टर 2 हा पहारेकरी जिवाणू ओळखतो आणि इंटरल्यूकिन-8 सारखे निरोप सुटतात. मग न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात. पू होतो तो त्यांच्यामुळे. त्यांच्या विकरांनी छिद्राची भिंत फाटली की तेल आणि केराटिन (त्वचेचं कडक प्रथिन) आतल्या थरात सांडतं. शरीर त्याला परकं समजून आणखी तुटून पडतं, म्हणून दुखरी गाठ होते आणि खड्डा मागे राहतो. मुरूम फोडल्यावर हेच घडतं, फक्त बोटांनी. मुरूम येणाऱ्यांच्या वरून स्वच्छ दिसणाऱ्या त्वचेतही, बूच बसण्याआधीच, टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्याच पांढऱ्या पेशी) जमलेल्या आढळल्या आहेत. तेव्हा 'प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून मुरूम आले' हे निदान उलटं आहे, आणि ती वाढवण्याचे काढे पिऊन मुरूम जात नाहीत. (भरताच्या हंगामात वांग्यावर आळ येतो, त्यालाही आधार नाही.)

बुरशीच्या पुळ्यांत उलट प्रकार असू शकतो: राखण सैल पडते किंवा जागा रिकामी होते. अँटिबायोटिकने जिवाणू मेले की मोकळ्या जागेत बुरशी पसरते. 'पिंपलच्या गोळ्यांनी' वाढण्याचं कारण हे. स्टेरॉइडने राखण मंदावली तरी तेच. भर उन्हात घट्ट बांधलेला स्कार्फ, टेरिकॉटचा घामट शर्ट, केळीच्या बागेतला दमट उकाडा हे सगळं तिच्या पथ्यावर पडतं. ही बुरशी तेलावरच जगते. म्हणून पाठीला खोबरेल चोळणं म्हणजे तिला जेवण वाढणं.

ओळखायचं कसं? आधी खाज विचारावी. बुरशीच्या पुळ्या खाजतात, घाम आला की जास्तच. मुरूम दुखतो, फारसा खाजत नाही. मग पुळ्या नीट पाहाव्यात. बुरशीच्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या असतात, 1 ते 2 मिलिमीटरच्या, छाती, पाठ, खांदे आणि कपाळाच्या केसांच्या कडेला. मुरमात मात्र सगळी मिसळ असते: काळ्या तोंडाचे, पांढऱ्या तोंडाचे, लाल, पुवाचे, गाठीचे. काळ्या-पांढऱ्या तोंडाचा एकही दिसला नाही तर मुरमाचं निदान डळमळतं. दोन्ही एकत्रही असू शकतात. तेव्हा पुळीतला मजकूर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, गोल कोंब फुटलेल्या पेशी दिसल्या की बुरशी.

सगळ्यात जास्त नुकसान करते मेडिकलवरून आणलेली 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब. तिच्यात बहुधा बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड असं तिन्ही असतं. स्टेरॉइड लाली दाबतं, आठवडाभर चेहरा छान दिसतो. मात्र लावत राहिलं की त्वचा पातळ होते, स्टेरॉइडच्याच पुळ्या येतात आणि थांबवलं की सगळं उसळतं. 2018 मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. काउंटरवर चिठ्ठी कोण विचारतो, हे वेगळं सांगायला नको.

मुरमाला 0.1 टक्के ॲडॅपॅलिन हे लावायचं औषध: रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं, फोडावर ठिपका न देता पूर्ण चेहऱ्याला. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. सुरुवातीला सालं निघतात, पुळ्या वाढल्यासारख्याही वाटतात. घाबरून तिसऱ्या आठवड्यात सोडणारे पुष्कळ. फरक 8 ते 12 आठवड्यांनी कळतो. गरोदरपणात लावू नये. सकाळी 2.5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड चालतं, पण ते टॉवेलचा रंग उडवतं. अँटिबायोटिक मलम एकटं वापरू नये, जिवाणू दाद देईनासे होतात.

बुरशीला 2 टक्के किटोकोनॅझोल शॅम्पू छाती-पाठीवर साबणासारखा फेस करून 5 मिनिटं ठेवावा, मग धुवावा. लावून लगेच पाणी ओतलं तर उपयोग नाही. न हटल्यास इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या, त्या डॉक्टरांनीच द्यायच्या; यकृताचा त्रास आणि चालू असलेली इतर औषधं आधी सांगावीत. बरी झाली तरी ही बुरशी अंगावर राहतेच, त्यामुळे दर उन्हाळ्यात त्रास होणाऱ्यांनी होळीच्या सुमारासच आठवड्यातून एकदा तो शॅम्पू पाठीला सुरू करावा, पुळी दिसायची वाट न पाहता.