बाटल्या, जुन्या काचेच्या : अस्सल व नकली

पहिल्या महायुद्धाच्या सुमारापर्यंत तोंडाने फुंकून घडवलेल्या बाटल्यांना संग्राहक सामान्यतः ‘जुन्या’ म्हणतात. मुंबईत अशा बाटल्या मिळण्याचे मुख्य ठिकाण म्हणजे चोर बाजारातील मटन स्ट्रीट. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा आणि ओगलेवाडीचा १९१६ चा. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील बाटल्या बहुतांशी विलायती आहेत.

परीक्षेत सर्वाधिक भर साच्याच्या रेघेवर, म्हणजे साच्याच्या भागांच्या सांध्यामुळे काचेवर उमटलेल्या रेघेवर, दिला जातो. साच्यात फुंकलेल्या बाटलीचा ओठ नंतर हाताने घडवीत. म्हणून रेघ गळ्यातच विरते. मायकेल ओवेन्स या अमेरिकी संशोधकाचे बाटल्या घडवणारे स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमारास आले आणि रेघ थेट ओठावरून जाऊ लागली. मात्र हा नियम अमेरिकी व इंग्रजी मालावरून बसवलेला आहे. फिरोझाबादेत आजही काच तोंडाने फुंकतात, त्यामुळे विरलेली रेघ, घडवताना तळाला चिकटवलेली लोखंडी सळई तोडून काढल्याचा खरबरीत व्रण किंवा काचेतील बुडबुडे नव्या बाटलीतही असतात. नकलेत बुडबुडे मुद्दाम सोडलेले असतात.

गोटी सोड्याच्या बाटलीबाबत पेच अधिक आहे. हिराम कॉड या इंग्रज अभियंत्याच्या या रचनेचे वर्ष कोणी १८७०, तर कोणी १८७२ देतात. पेटंटे एकाहून अधिक असल्याने दोन्हींना आधार आहे. आज परिचित असलेल्या रूपासाठी १८७२ अधिक ग्राह्य वाटते. वायूच्या दाबाने गोटी गळ्यातील रबरी कड्यावर घट्ट बसते. ओतताना ती परत तोंडाशी येऊ नये म्हणून गळ्याला खोबणी असते. ही बाटली भारतात अजून तयार होते, म्हणजे बाजारातील नवी बाटली दरवेळी नक्कल नसते. ती जुनी म्हणून विकली की फसवणूक होते. उठावाच्या अक्षरांत इंग्लंडमधील बार्न्सलीचा काच कारखानदार डॅन रायलंड्स याचे नाव असले, तरी तेवढ्यावर विसंबू नये. अक्षरे साच्यात कोरता येतात.

त्यापेक्षा झीज विश्वसनीय. परत परत भरलेली बाटली लाकडी खोक्यात घासली जाते. तळाच्या कडेवर व खांद्याच्या सर्वांत फुगीर भागावर बारीक, वेड्यावाकड्या, कमी-अधिक खोल रेघा उमटतात. भिंगातून सगळ्या रेघा एकाच दिशेच्या दिसल्या, किंवा खोलगट भागही तितकाच घासलेला असला, तर पॉलिशकागद वापरला असावा.

जमिनीत गाडलेल्या काचेतील सोडियम पाण्याने निघून जातो आणि पृष्ठावर पापुद्रे धरतात. त्यांतून मोरपिशी रंग दिसतात. ही झळाळी ठिकठिकाणी तुटक असते, नखाने पापुद्रा सुटतो. कथिलाच्या क्षारांची धुरी देऊन आणलेली झळाळी सर्वत्र सारखी, घट्ट बसलेली असते. आतला धुरकटपणाही पाहावा : अस्सल असेल तर तो बाटली ओली केल्यावर जातो, वाळताच परततो.

जांभळट छटा मँगॅनीजमुळे उन्हात येते. हे द्रव्य काच निवळ करण्यासाठी विशेषतः १८८० ते १९१५ च्या दरम्यान घालत. परंतु किरणोत्सर्गानेही काच गडद जांभळी करता येत असल्याने केवळ रंगावर काल ठरवणे योग्य नाही.

अत्तर व औषधांच्या बाटल्यांत घासून बसवलेले काचेचे बूच असे. कित्येकदा बुचावर आणि बाटलीच्या तोंडाशी एकच अंक कोरलेला सापडतो. अंक जुळत नसल्यास बूच दुसऱ्या बाटलीचे समजावे. अंक मुळीच नसणे हा मात्र नकलेचा पुरावा नव्हे.