ऑनलाइन डॉक्टर: एक कॉल पेशंटसाठी, एक कॉल ऑर्डरसाठी

आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या, जुनी चिठ्ठी कुठे ठेवली ते तिला आठवेना, म्हणून मी औषधांच्या एका ॲपवर ऑर्डर टाकली. चिठ्ठी नाही म्हटल्यावर स्क्रीनवर आलं, काळजी नको, आमचे डॉक्टर फ्री कन्सल्टेशन देतील. अर्ध्या तासात आईला फोन आला, नाव विचारलं, वय विचारलं, "ही गोळी आधीपासून चालू आहे ना?" असं विचारलं, आई हो म्हणाली आणि झालं. ऑर्डर पास. आई खूश, म्हणाली "बघ, डॉक्टरांनी स्वतः फोन केला."

आता हे कन्सल्टेशन होतं का? मला वाटतं नव्हतं, आणि गडबड नेमकी इथेच होते. कारण दोन्ही गोष्टींना नाव एकच, ऑनलाइन डॉक्टर, आणि फोनवर आवाजही डॉक्टरचाच असतो, खोटा बिटा काही नसतो. फरक एवढाच की एका कॉलमध्ये डॉक्टर तुमच्या तब्येतीचं बघतो आणि दुसऱ्यात तुमच्या कार्टमधल्या औषधाला कागद जोडतो. लोक ॲपची तुलना करताना रेटिंग बघतात, फी बघतात, किती मिनिटांत डॉक्टर मिळतो ते बघतात, पण आपण यातला कुठला कॉल घेतोय हे आधी कुणी बघतच नाही.

आपल्याकडे याचे नियम आहेत बरं का. २५ मार्च २०२० ला, लॉकडाउन लागला त्याच दिवशी, केंद्राने टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून होणाऱ्या उपचारांची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात औषधांचे गट पाडलेत. पॅरासिटामॉल, ओआरएस असलं साधं कुठल्याही कॉलवर सांगता येतं. त्याच्या पुढचा गट पहिल्याच भेटीत द्यायचा तर ती भेट व्हिडिओवर हवी, आणि जुनी चालू गोळी पुन्हा लिहून देणं हे फॉलो-अपमध्ये बसतं. फॉलो-अप म्हणजे काय तर त्याच डॉक्टरने, त्याच आजारासाठी, मागच्या सहा महिन्यांत तुम्हाला समोर बसवून तपासलेलं असणं. नशा येणारी, सवय लागणारी काही औषधं आहेत, ती बंदच्या यादीत. आता आईचा कॉल यात बसवून बघा. डॉक्टर अनोळखी, व्हिडिओ नाही, बीपी किती ते विचारलंसुद्धा नाही आणि चिठ्ठीवर मिळणारी गोळी पास! निदानाशिवाय औषध लिहिणं हे त्याच तत्त्वांमध्ये डॉक्टरच्या गैरवर्तनात मोजलंय.

मग ओळखायचं कसं? माझी पहिली खूण म्हणजे चिठ्ठी. कॉल झाल्यावर चिठ्ठी तुमच्या हातात येते की नाही ते बघा, म्हणजे व्हॉट्सॲपवर, मेलवर, पीडीएफ काहीही चालेल पण तुमच्याकडे आली पाहिजे. नियम सांगतो की डॉक्टरला चिठ्ठी थेट मेडिकलवाल्याकडे पाठवायची असेल तर पेशंटची स्पष्ट परवानगी घ्यावी लागते आणि औषध कुठल्या दुकानातून घ्यायचं हा हक्क पेशंटचाच राहतो. ऑर्डरवाल्या कॉलमध्ये बऱ्याचदा चिठ्ठी ॲपच्या पोटातच राहते, तुम्हाला दिसतं फक्त "अप्रूव्ह्ड". ती डाउनलोड करून गल्लीतल्या मेडिकलला दाखवता येत नसेल तर ती चिठ्ठी तुमच्यासाठी लिहिलेलीच नाही.

चिठ्ठी मिळाली तर वर डॉक्टरचं नाव, डिग्री आणि नोंदणी क्रमांक आहे का बघा. हा नंबर टाकून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव शोधता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. इथे एक घोळ होतो, नंबर सापडला नाही की लोक लगेच बोगस डॉक्टर म्हणून मोकळे होतात, पण तो डॉक्टर दुसऱ्या राज्यात नोंदवलेला असू शकतो, आणि बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) वाल्यांच्या कौन्सिल वेगळ्या आहेत. ॲपने प्रत्येक डॉक्टरचं नाव, डिग्री, नंबर आधीच दाखवायला हवा असंही नियमात आहे, म्हणजे "आमचे तज्ज्ञ डॉक्टर" एवढंच लिहून भागत नाही. आणि चॅटवर कुणी धडाधड उत्तरं देत असेल तर पलीकडे माणूस आहे का ते सरळ विचारा, मशीनने परस्पर सल्ला द्यायला किंवा औषध लिहायला परवानगी नाही.

औषधं विकत नाही अशा कन्सल्टेशनचं उदाहरण हवं असेल तर सरकारची ई-संजीवनी आहे. सीडॅक या सरकारी संगणक संस्थेच्या मोहाली केंद्राने बनवलेली, फुकट, मोबाइलवर ओटीपी टाकायचा, टोकन घ्यायचं, रांगेत थांबायचं, शेवटी ई-चिठ्ठी मिळते आणि ती घेऊन कुठेही जा. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावर १० कोटी कन्सल्टेशन झाली होती. हिचाच दुसरा प्रकार गावच्या उपकेंद्रात चालतो, तिथे आरोग्य अधिकारी समोर बसून बीपी मोजतो आणि वरच्या डॉक्टरला व्हिडिओवर घेतो, म्हाताऱ्या माणसांसाठी मला तरी हा घरातल्या मोबाइलपेक्षा बरा वाटतो, कारण मोजायला कोणीतरी हजर असतं. अडचण ही की डॉक्टर तुम्ही निवडू शकत नाही, पुढच्या वेळी तोच भेटेल याची खात्री नाही. पैसे भरून घेतलेल्या प्रायव्हेट कन्सल्टेशनचा खरा फायदा तिथे आहे, तोच डॉक्टर पुन्हा गाठता येतो, त्वचेचा किंवा मानसोपचाराचा डॉक्टर नावाने निवडता येतो. फीची पावती मात्र मागून घ्या.

आणि छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, असल्या वेळी कुठलंच ॲप उघडू नका, १०८.

आईचं पुढे काय झालं ते सांगतो. पुढच्या महिन्यात मी पैसे भरून एका डॉक्टरीणबाईंचा व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी आधी गोळीची पट्टी कॅमेऱ्यासमोर धरायला लावली, अमलोडिपिन होती. मग विचारलं, "काकू, पाय सुजतात का संध्याकाळी?" आई म्हणाली, "सुजतात हो, पण ते वयाचं असंल." घरात कुणालाच माहीत नव्हतं. बाई म्हणाल्या या गोळीने घोट्याला सूज येऊ शकते, पण हृदयाची किंवा किडनीचीही असू शकते, मला व्हिडिओवरून पाय दाबून बघता येत नाही, तुम्ही या आठवड्यात जवळच्या फिजिशियनला दाखवा, गोळी मनाने बंद करू नका. चिठ्ठीत औषध नव्हतंच, फक्त निरीक्षण, दोन तपासण्या आणि "प्रत्यक्ष दाखवणे".

आई फोन ठेवून म्हणाली, "एवढे पैसे घेतले आणि गोळी पण दिली नाही."