असेंबल्ड संगणक : पहिल्या जुळणीसाठी सुट्या भागांची निवड

प्रोसेसर, सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड, रॅम, पडद्यावरचे चित्र रंगवणारे ग्राफिक्स कार्ड, साठवणीची एसएसडी, वीज पुरवणारा एसएमपीएस आणि कॅबिनेट असे भाग सुटे विकत घेऊन घरी किंवा दुकानात जुळवलेल्या डेस्कटॉपला भारतात ‘असेंबल्ड’ संगणक म्हणतात. (बोलताना आपण अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतो. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, त्या डब्याच्या पोटात असतो, मारी बिस्किटाहून लहान.) एकेकाळी ब्रँडेड परवडत नाही म्हणून असेंबल्ड घेत. आता गेमिंग आणि व्हिडिओ एडिटिंगमुळे गणित उलटले आहे. हौसेने जुळवलेला डबा तयार डेस्कटॉपपेक्षा सहज महाग पडतो. तरी लोक तो जुळवतात, कारण कुठे पैसे घालायचे आणि कुठे वाचवायचे हे त्यात आपल्या हातात राहते.

हे शक्य झाले ते आयबीएममुळे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी तिने आणलेला पीसी बाजारात मिळणाऱ्या भागांतून बनवला होता आणि त्याचे तांत्रिक तपशील छापील पुस्तिकेत खुले होते. इतर कंपन्यांनी लगोलग त्याच्याशी जुळणारी यंत्रे काढली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक मांडले : बोर्डाची मापे, स्क्रूच्या भोकांच्या जागा, एसएमपीएसची जोडणी, सगळे ठरून गेले. एका कंपनीचा मदरबोर्ड दुसरीच्या कॅबिनेटमध्ये आजही निमूटपणे बसतो तो त्यामुळे. मुंबईत या सुट्या भागांचा जुना बाजार म्हणजे ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव आहे, पण त्या नावाने रॅम विचारायला कोणी जात नाही. दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरुचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट ही त्याचीच भावंडे.

आधी पडदा : नवखा माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, ‘आय५ घेऊ की आय७?’ हा प्रश्न शेवटून दुसरा असायला हवा. पिढी सांगितल्याशिवाय इंटेल प्रोसेसरांच्या या आकड्यांना अर्थ नसतो. २०११ चा आय७-२६०० आणि २०२२ चा आय३-१२१०० या दोन्हींत चारच कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे गाभे) आहेत, पण नवा आय३ जुन्या आय७ला सहज मागे टाकतो. ‘आय७, १६ जीबी रॅम, फक्त इतक्यात’ अशा जाहिरातींमधला आय७ बहुधा असाच निवृत्तीला आलेला असतो.

खरी सुरुवात मॉनिटरपासून करावी. १९२० × १०८० च्या पडद्यावर दर फ्रेमला, म्हणजे प्रत्येक चित्राला, सुमारे २०.७ लाख पिक्सेल रंगवावे लागतात, २५६० × १४४० वर ३६.९ लाख आणि फोर-के वर ८२.९ लाख. हे ओझे ग्राफिक्स कार्ड वाहते. उलट पडदा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रे दाखवणारा, असेल आणि त्याचा पुरेपूर उपयोग करायचा असेल, तर एक फ्रेम सुमारे ६.९ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. ६० हर्ट्झला हाच अवधी १६.७ मिलिसेकंद. ती घाई प्रोसेसरलाही झेपावी लागते. म्हणून व्हॅलोरंटसारखा चपळ खेळ खेळणाऱ्याने प्रोसेसरकडे आणि मोठाले, देखणे खेळ खेळणाऱ्याने कार्डाकडे पैसे वळवावेत. साठ हर्ट्झचा जुना मॉनिटर तसाच ठेवून महागडे कार्ड घेणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

कामाचा प्रकारही इथेच पाहावा. टॅली, ब्राउझर, डीटीपी, वेब कोडिंग यांना वेगळे कार्ड लागतच नाही. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये रेंडर करणाऱ्याला एनव्हिडियाच्या कार्डांतली कुडा (कार्डाकडून आकडेमोड करून घेणारी) सुविधा बहुतेक वेळा उपयोगी पडते. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याची अडचण निराळी. आजचे कॅमेरे १०-बिट ४:२:२ या, रंगांची जास्त माहिती साठवणाऱ्या, पद्धतीने चित्रण करतात आणि टाइमलाइनवर ते अडखळते. इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरांमधला अंगचा ग्राफिक्स भाग हे चित्रण सहज उलगडतो. एनव्हिडियाने ही सोय २०२५ च्या ५० मालिकेत आणली. पण इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअंती ‘एफ’ असते, त्यात तो अंगचा भाग बंद असतो. थोडे पैसे वाचवण्यासाठी ‘एफ’ घेणारा एडिटर नेमके कामाचेच हत्यार दुकानात ठेवून येतो. शिवाय कार्ड बिघडले तर ‘एफ’वाल्या संगणकाचा पडदाही काळाच राहतो.

प्रोसेसर आणि सॉकेट : प्रोसेसर निवडला की सॉकेट, म्हणजे बोर्डावरची त्याची बैठक, ठरते आणि पुढची पाच वर्षेही. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी हिचे एएम४ सॉकेट २०१७ च्या पहिल्या रायझनपासून २०२२ च्या ५८००एक्स३डी पर्यंत आणि त्यानंतरही चालले; कित्येकांनी बोर्ड न बदलता तीन पिढ्या ओलांडल्या. २०२२ च्या एएम५ ला निदान २०२७ पर्यंत साथ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. इंटेलचे एलजीए १७०० हे १२, १३ आणि १४ या पिढ्यांनंतर संपले, २०२४ च्या अखेरीस एलजीए १८५१ आले. पहिल्या जुळणीला म्हणूनच एएम५ कडे कल असणे स्वाभाविक आहे. वापरलेला १३ व्या वा १४ व्या पिढीचा वरच्या दर्जाचा इंटेल मिळत असेल तर त्याचा इतिहास विचारावा : त्यांतल्या काहींना जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती, इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडचा (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्तीचा) उतारा दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. उतारा पुढची झीज थांबवतो, झालेली भरून काढत नाही.

काम आणि खेळ या दोन्हींसाठी सहा कोअर, बारा थ्रेडचा रायझन ५ ७६०० हे साधे आणि शहाणपणाचे माप आहे. डब्यात पंखाही मिळतो (७६००एक्स बरोबर मिळत नाही). त्यावर ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर बसवणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मदरबोर्डावर फारसे अडून बसू नये. रॅमच्या किती जागा, एसएसडी बसवायच्या एम.२ च्या किती, वायफाय आहे की नाही, मागे यूएसबी किती, एवढे पाहिले की पुरे. एकच मेख अशी की दुकानात वर्षभर पडून असलेल्या बोर्डाला नव्या पिढीचा प्रोसेसर ओळखता येत नाही, आधी बायोस, म्हणजे बोर्डाचे अंगचे सॉफ्टवेअर, अद्ययावत करावे लागते. प्रोसेसर न बसवता पेन ड्राइव्हवरून ते करू देणारे ‘फ्लॅशबॅक’ बटण बोर्डावर असेल तर दुकानाची एक फेरी वाचते.

रॅम : डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसरीच्या जागी बसत नाही. एएम५ ला डीडीआर५ च लागते. ३२ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा १६-१६ च्या दोन घ्याव्यात, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातले दोन्ही चॅनेल (मार्ग) चालतात. चार जागांच्या बोर्डावर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत बसवायच्या. ‘आत्ता दोन, पुढे आणखी दोन’ हा बेत डीडीआर५ मध्ये फसतो, कारण चार पट्ट्या झाल्या की वेग बराच खाली उतरतो. पाकिटावर ६००० लिहिलेली रॅम बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी (छापील वेग लागू करणारी सेटिंग) चालू करेपर्यंत तिच्या मूळ, कमी वेगानेच चालते. कित्येक संगणक वर्षानुवर्षे असेच चालत राहतात.

आणि एक भीती आधीच काढून टाकलेली बरी. एएम५ चा संगणक पहिल्यांदा चालू केला की रॅमची जुळवाजुळव होत असते. पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा काही मिनिटे काळाच. नवखा माणूस इथे घाबरून बटण दाबतो, पुन्हा चालू करतो, पुन्हा तेच. चहा ठेवून यावा.

२०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव जगभर भडकले, त्यामुळे जुन्या याद्यांमधले अंदाज आता जसेच्या तसे धरता येत नाहीत.

ग्राफिक्स कार्ड : बजेटचा सर्वांत मोठा घास याचाच. चिपच्या नावाइतकीच कार्डाची स्वतःची मेमरी पाहावी. एनव्हिडियाचे ५०६० टीआय हे कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळते, नाव मात्र एकच. नव्या खेळांत टेक्स्चर (पृष्ठभागांचे बारकावे) वरच्या पातळीवर ठेवले की ८ जीबी अपुरी पडते, आणि घरीच एआय मॉडेल चालवून पाहायचे असेल तर आधी मेमरीच संपते. २०२०-२१ मध्ये इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामामुळे (कार्डांवर आकडेमोड करून चलन मिळवण्यामुळे) कार्डे दुप्पट भावाने विकली जात होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धत सोडली आणि राबवलेली कार्डे जुन्या बाजारात लोटली. जुने कार्ड घ्यायचेच असेल तर ते समोर अर्धा तास पूर्ण भारावर चालवून पाहावे.

एसएसडीबाबत थोडक्यात : केबलने जोडली जाणारी साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत जाते, एम.२ जागेत बसणारी चौथ्या पिढीची एनव्हीएमई सुमारे ७००० पर्यंत. खेळ उघडण्यात हा फरक जेमतेम जाणवतो, मोठ्या व्हिडिओ फायली हलवताना भरपूर. १ टीबीखाली जाऊ नये. हार्ड डिस्क आता फक्त साठवणीच्या माडीवर.

एसएमपीएस : यादीत सर्वांत शेवटी लिहिला जाणारा आणि सर्वांत आधी काटछाट सोसणारा हा भाग. तो गेला की एकटा जातोच असे नाही, सोबत बोर्ड आणि कार्डही नेऊ शकतो. कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ मिळणाऱ्या एसएमपीएसवर ४५० किंवा ५०० वॅट छापलेले असते. त्या छपाईवर भरवसा ठेवू नये. ‘८० प्लस’ची ब्राँझ, गोल्ड ही पदके फक्त वीज किती वाया जाते ते सांगतात, आतले कपॅसिटर कसे आहेत किंवा शॉर्ट झाल्यावर संरक्षण आहे का हे सांगत नाहीत.

हिशेब अवघड नाही. रायझन ५ ७६०० जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो, ५०६० टीआय १८० वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ६० धरले तर सुमारे ३३० वॅट. कार्ड क्षणभर उसळी मारते, ती धरून चांगला ६०० किंवा ६५० वॅटचा पुरे, ८५० कशाला? केबल सुट्या होणारा मॉड्युलर एसएमपीएस घेतला तर त्याच्या केबल जपाव्यात. एका कंपनीची केबल दुसरीच्या एसएमपीएसला लावू नये. खटका बरोबर बसतो, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि एसएसडी जळते.

आपल्याकडच्या घरांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते, अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला किंवा मागच्या स्क्रूला बोट लागले की झिणझिण्या येतात, ही तक्रार जुन्या चाळींपासून नव्या सोसायट्यांपर्यंत ऐकू येते. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून बॉडीला जोडलेले लहान कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास दाब पत्र्यावर तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, तरी तो खुणेचा इशारा आहे. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावलेला असेल तर आधी तो फेकावा आणि मगच यादी करायला बसावे.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांची गल्लत होते. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. वरच्या उदाहरणातला संगणक मॉनिटरसकट खेळताना त्या काठावर येतो. नेमकी तेव्हाच लाइट गेली तर यूपीएस टूं टूं करत लगेच बंद. १००० व्हीएच्या पुढचा घ्यावा.

कॅबिनेट : पुढे काच असलेले कॅबिनेट फोटोत छान दिसते, पण हवा जाळीतून येते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. खोलीच ४० वर असेल तर पंख्याच्या वाट्याला गरमच हवा येते. पुढे जाळी, हवा आत घेणारे दोन पंखे, मागे बाहेर टाकणारा एक, आणि धुऊन काढता येणारी धुळीची गाळणी एवढे असले की भागते. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची ही दोन मापे कॅबिनेटच्या मापाशी पडताळून घ्यावीत. बोर्ड मायक्रोएटीएक्स, म्हणजे २४४ × २४४ मिलिमीटरचा असेल तर लहान कॅबिनेटही चालते.

खरेदी : विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सुविधा लागते. वर सुचवलेल्या भागांत ते प्रोसेसरमध्येच असते, बायोसमध्ये चालू आहे ना एवढे बघायचे. व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (संगणक चालू होतानाची सुरक्षा-तपासणी) यांशिवाय उघडतच नाही. बिल पक्के, जीएसटीसह आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहिलेले घ्यावे. नियमित जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला कामासाठी घेतलेल्या भागांवरच्या कराची वजावटही मिळू शकते. ‘बिल नको असेल तर इतक्यात देतो’ यावर भुलणाऱ्याला पुढे वॉरंटीच्या खिडकीवर उभे राहायला जागा नसते.

सेल पाहून एकेक भाग जमवण्याची सवयही महागात पडते. गणपतीच्या सेलमध्ये घेतलेला बोर्ड प्रोसेसर येईपर्यंत दिवाळीला पहिल्यांदा चालू होतो. तोवर बदलून मिळण्याचे सात-दहा दिवस कधीच उलटलेले असतात आणि वॉरंटीचेही दोन महिने खर्ची पडलेले. मॉनिटर, कीबोर्ड, कॅबिनेट आधी घेतले तर चालते. प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि एसएमपीएस मात्र एकाच आठवड्यात घ्यावेत आणि त्याच आठवड्यात चालू करून पाहावेत.