शौचातील न दिसणारे रक्त आणि मे महिन्याचे ऊन

विदर्भातल्या बहुतेक बसस्थानकांजवळच्या भिंतींवर ‘मूळव्याध, भगंदर, ऑपरेशनशिवाय हमखास इलाज’ अशी जाहिरात रंगवलेली असते. शौचातून रक्त गेले म्हणजे मूळव्याधच, हे समीकरण आपल्याकडे इतके पक्के झाले आहे की मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शंकाही घरात कोणाला येत नाही. त्यातून हा रोग प्रथमावस्थेत असताना पडणारे रक्त बहुधा डोळ्यांना दिसतच नाही.

हा कर्करोग सहसा आतड्याच्या अस्तरावरील पॉलिप नावाच्या लहान गाठीतून उद्भवतो आणि त्याला साधारण दहा वर्षे लागतात. गाठ वाढू लागली की अधूनमधून तिच्यातून रक्त पाझरते. शौचाच्या नमुन्यात ते ओळखण्याच्या जुन्या चाचणीत ग्वायक झाडाची राळ वापरत. हिमोग्लोबिनमधील लोहयुक्त ‘हीम’ हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने त्या राळेला निळा रंग देतो. पण मटणातही हीम असतो, आणि मुळ्यातील पेरॉक्सिडेज हे विकरही (एन्झाइम) तोच रंग आणू शकतो. म्हणून चाचणीआधी पथ्य पाळावे लागे.

‘फिट’ (फीकल इम्युनोकेमिकल टेस्ट) ही शौचातील रक्त शोधणारी नवी चाचणी हीमकडे पाहतच नाही. ती शोधते हिमोग्लोबिनमधील ‘ग्लोबिन’ हे प्रथिन, तेही फक्त माणसाचे. चाचणीतील प्रतिपिंडे (अँटिबॉडी) मानवी ग्लोबिनच्या विशिष्ट आकारालाच चिकटतात, त्यामुळे मटण किंवा मुळा खाल्ल्याने निकाल बिघडत नाही. याहून सुंदर भाग पुढेच आहे. जठरातील व्रणातून रक्त आले, तर खाली येईपर्यंत पाचक रस त्यातील ग्लोबिनचे तुकडे करतात आणि प्रतिपिंडांना ओळखीचा आकार उरत नाही. मोठ्या आतड्यात मात्र पाचक रसांचा हा मारा नसतो, म्हणून तिथले ग्लोबिन बरेचसे शाबूत बाहेर येते. रक्त पचनमार्गाच्या कोणत्या भागातले असावे, याचा अंदाज अशा रीतीने आपले पचनच करून देते.

प्रथिनाचा हा नाजूकपणा आपल्या भागात अडचणीचाही ठरतो. नमुन्याच्या बाटलीतील द्रावण ग्लोबिनचा ऱ्हास मंदावते, थांबवत नाही, आणि उष्णतेने तो वेगाने होतो. इटलीतील फ्लॉरेन्स येथे उन्हाळ्यातील नमुन्यांत हिमोग्लोबिन हिवाळ्यापेक्षा कमी आढळले होते. मग मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या चंद्रपूर किंवा अकोला जिल्ह्यातल्या खेड्यातून, दुचाकीच्या डिकीत तापत आलेल्या बाटलीवर कितपत भरवसा ठेवावा? नमुना सकाळी घेऊन उन्हाआधी प्रयोगशाळेत पोचवावा आणि तोवर थंड जागी ठेवावा, हे त्यामुळे चाचणीइतकेच महत्त्वाचे आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दरवर्षी जुनी ग्वायक चाचणी करणाऱ्या गटात या कर्करोगाचे मृत्यू १३ वर्षांत सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. गाठ रोज रक्त गाळत नाही, म्हणून एकदाच नव्हे, तर नियमितपणे तपासावे लागते. आपल्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांचा समावेश आहे, आतड्याचा नाही. त्यामुळे पन्नाशीच्या आसपास पोचलेल्यांनी आणि ज्यांच्या घरात कोणाला हा रोग झाला आहे त्यांनी त्याआधीच डॉक्टरांना स्वतःहून विचारले पाहिजे.

‘फिट’ सकारात्मक आली म्हणजे कर्करोग झालाच असे नाही. मूळव्याधीचे रक्तही तिला सापडू शकते आणि खरे कारण कोलोनोस्कोपीनेच, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहिल्यावरच, कळते. परंतु ज्याला शौचात रक्त दिसते आहे, वजन घटते आहे किंवा शौचाची सवय अकारण बदलली आहे, त्याने या चाचणीच्या नकारात्मक निकालावर किंवा भिंतीवरच्या जाहिरातीवर न विसंबता थेट तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.