तीन पानी : खेळशैली व प्रतिचाली

तीन पानी (तीन पत्ती, फ्लश). बावन्न पत्त्यांच्या कॅटातून प्रत्येकाला तीन पाने वाटून बोलीवर खेळला जाणारा खेळ. सातारा व सांगली जिल्ह्यांत बोलण्यात ‘तीन पानी’ हेच नाव अधिक ऐकू येते. घरोघरी दिवाळीत तो चिंचोके किंवा काड्या लावून खेळतात. पोकरशी त्याचे नाते जवळचे असले, तरी पोकरमधील शैलींचे वर्गीकरण येथे जसेच्या तसे लागू होत नाही. त्याचे कारण ‘ब्लाइंड’च्या, म्हणजे पाने न बघता बोली लावण्याच्या, नियमात आहे आणि तो नियम खेळाच्या उगमाशी जोडलेला आहे.

उगमाविषयी एकमत नाही. इराणातील ‘आस नास’ हा पोकर व तीन पानी या दोहोंचा पूर्वज होय, असे एक मत दीर्घकाळ प्रचलित होते. परंतु आस नासची उपलब्ध वर्णने बरीच उत्तरकालीन असून त्यात पाने पाच असतात. गंजिफा या जुन्या पत्त्यांच्या खेळाशी संबंध जोडण्याचा प्रयत्नही टिकत नाही. बाबराने १५२७ मध्ये गंजिफाचा उल्लेख केला आहे खरा, पण तो हात जिंकण्याचा खेळ आहे, बोलीचा नव्हे. इंग्रजांच्या ‘ब्रॅग’पासून हा खेळ आला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. एडमंड हॉइल याने १७५१ मध्ये ब्रॅगवर पुस्तिका लिहिली. त्या काळच्या ब्रॅगमध्ये जोडी व तीन सारखी पाने यांनाच महत्त्व होते. सिक्वेन्स (लागोपाठची पाने) व कलर (एकाच रंगाची पाने) त्यात नंतर आले असावेत. त्यामुळे आजच्या रूपातील तीन पानीचा काळ एकोणिसाव्या शतकाच्या बराच आधी नेणे कठीण आहे. ब्रॅगचे दोन ठसे या खेळात स्पष्ट दिसतात. पहिला म्हणजे एक्का-दुर्री-तिर्रीचे स्थान. ब्रॅगमध्ये हा सर्वांत मोठा सिक्वेन्स. येथे तो एक्का-राजा-राणीच्या खाली, पण राजा-राणी-गुलामाच्या वर बसतो. दुसरा म्हणजे न बघता खेळणाऱ्याकडे बघितलेल्याला शो (पाने उघडून डाव मिटवणे) मागता न येणे.

तीन पानांचे एकूण २२,१०० संच होतात. त्यांत ट्रेल (तीन सारखी पाने) ५२, प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाचा) ४८, साधा सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोडी ३,७४४ आणि उरलेले १६,४४० संच नुसत्या मोठ्या पानाचे. प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मिळ असूनही खाली धरला जातो. हाही क्रम ब्रॅगचाच. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर असतो, येथे उलट आहे, आणि तीन पानांच्या हिशेबाने ते योग्यच आहे. जोडी किंवा तिच्यावरची पाने साधारण २५.६ टक्के वेळा येतात. सर्व संच उतरत्या क्रमाने लावले, तर नेमका मधला संच राजा-दश्शीचा (सर्वांत मोठे पान राजा, दुसरे दश्शी) निघतो. शैली ओळखून उत्तर देण्याचा सगळा हिशेब या आकड्यांवर उभा आहे.

सतत ब्लाइंड खेळणारा. या खेळाची ही खास शैली असून पोकरमध्ये तिला नेमका जोड नाही. ब्लाइंडचा भाव १० चिंचोके असेल, तर बघितलेल्याला किमान २० टाकावे लागतात. दोघेच उरले की ब्लाइंडवाला १० देऊन शो मागू शकतो. बघितलेल्याला मात्र चाल (बोली) देत राहणे किंवा पॅक होणे (डाव सोडणे) एवढेच हाती असते. बघितलेला दर फेरीला समोरच्याच्या १० साठी आपले २० घालतो. म्हणून लांबत जाणारी फेरी फायद्याची ठरायला तीनपैकी दोन वेळा जिंकणारी पाने लागतात, आणि ती सीमा ढोबळमानाने एक्का-गुलामावर पडते. एक्का-दश्शी घेऊन फेऱ्या लांबवणारा निम्म्याहून जास्त डाव जिंकतो आणि तरी वाढीव चिंचोक्यांत तोट्यात जातो. नवख्यांचे बहुतेक नुकसान येथेच होते.

ब्लाइंडवाला लगेच शो मागणारा असेल, तर हिशेब पूर्ण बदलतो. मध्ये ६० चिंचोके पडले आहेत आणि तो पुढच्या पाळीला शो मागणार हे पक्के आहे, तर २० टाकून ७० मिळवण्याची संधी असते. २२ टक्के जिंकणारी पाने पुरतात, म्हणजे गुलाम-छक्कीसुद्धा. तेव्हा ‘हा ब्लाइंड खेळतो’ एवढे ओळखून भागत नाही. तो किती फेऱ्या ब्लाइंड राहतो, हे पाहावे. फेऱ्या लांबवणाऱ्याला सर्वांत स्वस्त उत्तर म्हणजे आपणही पाने न उचलणे. पहिल्याच फेरीत उत्सुकतेने पाने बघितली की आपलाच भाव दुप्पट होतो.

पाने धरून बसणारा. हा जोडीखाली चाल देत नाही, म्हणजे चारपैकी सुमारे तीन डाव सोडतो. बाकीचे पॅक झाले आणि हा एकटा उरला, तर लवकर चाल वाढवून बूट (सुरुवातीला सर्वांनी मध्ये टाकलेले चिंचोके) उचलावा. त्याने मात्र बघून चाल दिली, की आपली जोडी त्याच्या जोडीशी ताडून बघावी: अशा खेळाडूपुढे राणीची जोडी जेमतेम बरोबरीची ठरते. पंजीची किंवा छक्कीची जोडी घेऊन त्याच्याशी चाली लढवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. पाने बघताना तो तिसरे पान अंगठ्याने हळूहळू सरकवत असेल, तर पहिल्या दोन पानांत त्याला काहीतरी जुळल्यासारखे दिसले आहे, असा तर्क बांधता येतो. पण हा तर्क एकाच खेळाडूच्या सवयीपुरता असतो. दुसऱ्याला लावू नये.

न सोडणारा. कोणत्याही पानांवर चाल देत राहतो, पण स्वतः क्वचितच वाढवतो. त्याच्यापुढे बनाव करणे व्यर्थ. चांगली पाने आली की पूर्ण मर्यादेपर्यंत, म्हणजे ब्लाइंड भावाच्या चौपट, चाल द्यावी. त्याच्याकडे साइड शो (दोघांनीच आपापसात पाने ताडणे) मागू नये: हरलेला पॅक होतो आणि येणाऱ्या चाली बंद पडतात.

चढवणारा. हा सतत बोली वाढवत राहतो. त्याच्या लगेच नंतर आपली बोली येईल अशी जागा धरावी, कारण साइड शो आधीच्या खेळाडूकडेच मागता येतो. मात्र त्याने पाने बघितलेली असली पाहिजेत, आणि तो नकारही देऊ शकतो. पाने सारखी निघाली, तर मागणारा पॅक होतो. खेळणारे किती आहेत याचेही भान हवे. पाच जणांच्या डावात इतर चौघांपैकी एकाकडे तरी जोडी किंवा वरची पाने असण्याची शक्यता सुमारे ६९ टक्के असते. त्यामुळे त्याच्यावर एक्क्याच्या जोरावर उलट चढवायचे, तर समोर तो एकटाच उरलेला असावा.

‘मुफलिस’ प्रकारात क्रम उलटतो आणि पंजी-तिर्री-दुर्री (एका रंगाची नसलेली) सर्वश्रेष्ठ ठरते. तेथे ब्लाइंडविरुद्धची वरील सीमा साधारण राणी-छक्कीवर येते.

कायद्याच्या दृष्टीने तीन पानी व रमी यांत फरक केला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवताना ‘फ्लश’, ‘ब्रॅग’ अशा नावांनी चालणारा तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा असल्याचे म्हटले. पाने येण्यापुरते ते खरे आहे. चालींचा वर दिलेला हिशेब त्यात येत नाही. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा ब्रिटिश अमलाखालील सातारा जिल्ह्याला लागू होता; सांगली संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत स्वतंत्र अधिकारक्षेत्र होते. आज दोन्ही जिल्ह्यांत तोच कायदा चालतो, आणि सार्वजनिक जागी किंवा अड्ड्यावर पैसे लावून तीन पानी खेळणे गुन्हा आहे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, २०२५ च्या केंद्रीय कायद्याने प्रतिबंधित केले आहेत.